प्लम फोर्कचा मैल

वर्लिन डोबेशला राग यायला कारण लागत नसे. पण कारण मिळालं की त्याला फार बरं वाटे. आमच्या प्लम फोर्कच्या शाळेत तो तीसेक वर्षं व्यायामशिक्षक होता. तेवढ्या काळात तो हवामान खात्यावर चिडला, शाळेच्या बसवर चिडला, दुपारच्या जेवणात चिलीबरोबर, म्हणजे खिम्याच्या तिखट रश्शाबरोबर, दालचिनीचा रोल न वाढणाऱ्या शहरी शाळांवर चिडला. रोज सकाळी कॉफी पिता पिता तो कुणावर तरी तोंडसुख घेई आणि त्याची बायको इर्मा टोस्टला लोणी लावता लावता "बरं" म्हणे.

सगळ्यांत जास्त राग हॅस्लरवर. हॅस्लर म्हणजे दोन तासांवरचं शहर. तिथल्या शाळेला छपराखाली रबराचा ट्रॅक आहे. तिथले आईबाप पोरांच्या अर्जातले निबंध सुधारायला पगारी माणूस ठेवतात. आणि आमच्या खासदारांचं कार्यालयही तिथेच. वर्लिनच्या मते हा काही योगायोग नव्हता.

त्या वर्षी ऑड्रा फिस्टरने नौदलाच्या अकादमीसाठी अर्ज केला. शेवटच्या वर्गातली पोर. बाप लेलँड दुसऱ्याच्या गुरांवर राबणारा. ही पहाटे वासरांना चारा घालून शाळेत येई आणि शाळा सुटली की पाणी उपसायच्या इंजिनांत हात घालून बसे. समुद्र तिने बघितलेला नव्हता. पण जहाजाच्या पोटात घराएवढं इंजिन असतं हे तिने कुठेतरी वाचलं होतं आणि तेव्हापासून तिला दुसरं काही सुचत नव्हतं. अकादमीत शिक्षण फुकट. बाहेरच्या कॉलेजचा खर्च लेलँडच्या आवाक्यातला नव्हता, हे घरात कुणी बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

आता या अकादमीत नुसत्या गुणांवर कुणी घेत नाही. खासदाराची शिफारस लागते. खासदार दहा नावं पाठवतो, आणि त्या दहांत येण्यासाठी आधी निबंध, मग डॉक्टर, मग शरीरक्षमतेची चाचणी, मग समितीपुढे मुलाखत. अर्जात एक रकाना होता: कोणत्या संघाच्या कर्णधार होतात, कोणत्या मंडळाच्या अध्यक्ष होतात? ऑड्रा कशाचीच अध्यक्ष नव्हती.

"वासरांची अध्यक्ष लिही," वर्लिन म्हणाला. "बारा पोरांच्या क्लबपेक्षा चाळीस वासरं सांभाळणं अवघड असतं. त्यांना काय कळतंय डोंबल."

"तसं लिहिलं तर हसतील, कोच."

"हसू देत. दात तरी दिसतील त्यांचे."

चाचणी घेण्याचा अधिकार शाळेच्या व्यायामशिक्षकाला असतो, म्हणजे वर्लिनला. निकाल एकदाच पाठवायचा. एकदा गेला की गेला. सप्टेंबरात त्याने तिची चाचणी घेतली. गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल लांब फेकायचा, यावरही तो चिडला. ("लढाईत काय शत्रूला बॉल मारणारेत?") ऑड्राने बॉल असा भिरकावला की तो भिंतीवर आपटून परत आला. दंड, पोट, सगळं उत्तम. राहिला मैल.

आमच्याकडे ट्रॅक नाही, रस्ता आहे. दीडशे वर्षांपूर्वी सरकारने या सपाट मुलखावर चौकोन आखले आणि त्या रेघांवर पुढे रस्ते झाले. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत एक मैल. आम्ही पत्ता सांगतो तोही तसाच: तीन मैल उत्तरेला, एक मैल पूर्वेला, आणि माणूस बरोबर दारात उतरतो. शाळेच्या कोपऱ्यापासून मायलो श्विंटच्या मक्याच्या कोपऱ्यापर्यंतचा रस्ता म्हणजे प्लम फोर्कचा मैल. गावातलं प्रत्येक पोर त्यावर धावलंय, वर्लिनही. गाडीचा काटा त्या रस्त्यावर जरा जास्त आकडा दाखवी, तेव्हा माणसं काट्यावर टिचकी मारून म्हणत, बिघडलाय. अख्ख्या गावाच्या गाड्या बिघडलेल्या, रस्ता तेवढा चोख.

ऑड्राच्या मनगटावर मामाने दिलेलं घड्याळ होतं, अंतर मोजणारं. मायलोचा कोपरा यायच्या बराच आधी ते वाजलं.

"कोच, हे म्हणतंय मैल झाला."

"ते खेळणं काढून ठेव," वर्लिन म्हणाला. "हा मैल सरकारने साखळी टाकून मोजलाय. तुझ्या मामाने नाही."

तिने घड्याळ खिशात टाकलं आणि तो सांगेल तिथपर्यंत धावली. वेळ काही खास आली नाही. वर्लिनने ती जशी होती तशी लिहिली, सही ठोकली आणि पाठवून दिली.

नोव्हेंबरात मुलाखत झाली. लेलँडला सुटी मिळेना, म्हणून वर्लिनच तिला आपल्या पिकअपमधून हॅस्लरला घेऊन गेला. बाहेर व्हरांड्यात कडक कॉलरची पोरं बसली होती आणि त्यांचे बाप एकमेकांना नावानिशी हाका मारत होते. ऑड्राने चर्चला जायचा कोट घातला होता. ती आत गेली, बाहेर आली आणि पिकअपमध्ये जाऊन बसली.

"काय विचारलं?" अर्ध्या रस्त्यात त्याने विचारलं.

"समितीतल्या एका दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, शेतावर वाढलेली मुलगी आणि मैलाला एवढा वेळ? मग म्हणाले, जहाजावर वासरांच्या मागे नाही धावायचं."

"हसले?"

"दोघं हसले."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मला जमलं तेवढं जोरात धावले."

वर्लिनने स्टिअरिंगवर हात आपटला. "अगं, सांगायचं ना, आपला रस्ता चढाचा आहे म्हणून!"

"इथे चढ कुठेय, कोच?"

वर्लिनचा हा राग मात्र खरा होता आणि तो योग्यही होता, हे मी आजही म्हणेन. पहाटे चारा घालून शाळेत येणाऱ्या पोरीला मऊ खुर्चीत बसून वासरांवरून चिडवणारी माणसं कुणाच्या पोरांचं भवितव्य ठरवतात, हा विचार मनात आला की आपलंही डोकं तापतं. वर्लिनने ठरवलं, यांना लेखी धडा शिकवायचा. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मोजणी खात्यातल्या एल्डनला त्याने बोलावलं. त्याच्याकडून रस्ता चोख एक मैल असल्याचा दाखला घ्यायचा आणि तो पत्राला जोडून खासदारांना खरमरीत लिहायचं: आमचा मैल अस्सल आहे, तुमच्या रबरावर पळणाऱ्या पोरांना इथे पळवून दाखवा.

डिसेंबरच्या सुरुवातीला एल्डन आला आणि त्याने दोनदा मोजलं. मग टोपी मागे सारून म्हणाला, "वर्लिन, हा मैल नाही."

"म्हणजे?"

"जवळजवळ चारशे फूट जास्त आहे. बघ, पृथ्वी गोल आणि त्या वेळचे सरकारी मोजणीवाले चौकोन मारत निघाले. कुठेतरी हिशेब चुकतो. ती सगळी चूक ते कडेच्या चौकोनात ढकलून द्यायचे. शाळा कडेच्या चौकोनात आहे."

वर्लिनने मनात हिशेब केला. चारशे फूट म्हणजे ऑड्राच्या वेळेतले कितीतरी सेकंद. तेवढे वजा केले तर ती त्या कडक कॉलरवाल्यांपैकी कुणाच्याही मागे नव्हती. पोरीचं घड्याळ बरोबर होतं आणि ते त्यानेच काढायला लावलं होतं. त्याला लाज वाटली, आणि लाजेची सवय नसल्यामुळे तो एल्डनवरच ओरडला.

उपाय होता. अकादमीने फोनवर साफ सांगितलं: चाचणी घेणाऱ्या शिक्षकाने चूक लेखी कबूल केली आणि मोजणीचा दाखला जोडला, तर ती चाचणी रद्द होईल आणि दुसरी घेता येईल. तेच पत्र खासदारांच्या समितीलाही पाठवायचं, नावं जायच्या आत. वर्लिनने ऑड्राला सगळं सांगितलं आणि त्याच दिवशी पत्र लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने 'माझी चूक' असे शब्द लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी मायलो श्विंट शाळेत आला. मायलो शाळा मंडळाचा अध्यक्ष, आणि तो रस्ता त्याच्याच मक्याच्या कडेने जातो. एल्डन मोजत असताना त्याने ट्रॅक्टरवरून बघितलं होतं.

"वर्लिन, एक सांग. रस्ता लांब म्हणजे माझं शेत लांब, हो ना?"

"असेल."

"आणि शेत लांब म्हणजे कर लांब. माझ्या आजोबांपासून आम्ही चौकोनाचा कर भरतोय. तू आता काउंटीच्या कागदासकट सरकारला कळवणार की तो चौकोन नाहीच."

"पोरीचा प्रश्न आहे, मायलो."

"पोरगी गुणी आहे, कुणी नाही म्हणतंय?" मायलो उठता उठता म्हणाला. "बाकी तुझा करार जानेवारीत मंडळापुढे येतोय ना? इर्माचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे म्हणे. नोकरीबरोबर मिळणारा शाळेचा विमा बरा पडतो अशा वेळी."

धमकी दिल्यासारखं तो काही बोलला नाही. जाताना त्याने भिंतीवरच्या विक्रमांच्या फळीकडे बघून आपल्या बापाचं नावही वाचून दाखवलं.

आणि जगावर ओरडणारा वर्लिन डोबेश गप्प बसला. त्याने पत्र टेबलाच्या खणात ठेवलं. आधी म्हणाला, भाषा नीट करतो. मग म्हणाला, नाताळात कोण वाचतंय. मग म्हणाला, करार एकदाचा होऊ दे, दुसऱ्या दिवशी टाकतो, तेवढ्याने काय बिघडतंय. ऑड्राने दोनदा विचारलं, तेव्हा "चाललंय" म्हणाला. इर्माला सगळं ठाऊक होतं. ती एकदाच बोलली.

"हवामान खात्यावर ओरडतोस, हॅस्लरवर ओरडतोस. मायलोसमोर तुझा आवाज कुठे जातो रे?"

"तुझ्या गुडघ्यासाठीच करतोय."

"माझ्या गुडघ्याला मध्ये आणू नकोस. तो मला विचारून दुखत नाही आणि तूही मला विचारलं नाहीस."

जानेवारीच्या मध्यात मंडळाची बैठक झाली. वर्लिनचा करार एकमताने मंजूर झाला आणि मायलोने टेबलावरून हात पुढे केला. वर्लिनने तो हातात घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टाचं दार उघडायच्या आधीच तो पत्र घेऊन पायरीवर उभा होता.

त्या आठवड्याच्या शेवटी खासदारांच्या कार्यालयातून फोन आला. बाई सभ्य होत्या. पत्र मिळालं, समितीला फार वाईट वाटलं, पण दहा नावं सोमवारीच गेली. अकरावं नाव पाठवता येत नाही. आधी कळलं असतं तर नक्की विचार झाला असता, कारण बाकी सगळ्यांत मुलगी पहिल्या पाचांत होती.

वर्लिन त्या बाईंवर तुटून पडला. हॅस्लर, रबराचा ट्रॅक, दातांचा डॉक्टर, सगळं काढलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि हळूच विचारलं, "सर, पत्रावर तारीख डिसेंबरची आहे. ते आम्हाला आत्ता कसं मिळालं?" वर्लिनने फोन ठेवून दिला.

ऑड्रा शाळा सुटल्यावर व्यायामशाळेत आली. तिला बातमी कळली होती. लेलँडला पत्र आलं होतं. डोळे लाल, पण आवाज ठीक होता.

"तुम्ही म्हणालात तेच खरं, कोच. त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. तुम्ही एवढं चूक कबूल करून लिहिलंत, तरी त्यांना वाचायलाही वेळ नव्हता."

तो गप्प राहिला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. अख्खं गाव तिच्यासारखंच म्हणालं असतं, आणि हॅस्लरला शिव्या द्यायला नवीन कारण मिळालं असतं. वर्लिनने बाकावर बसून बुटाची नाडी सोडली, परत बांधली.

"त्यांनी वाचलं," तो म्हणाला. "मी उशिरा टाकलं. पत्र डिसेंबरपासून माझ्या खणात होतं. मायलोने कराराची भीती घातली आणि मी घाबरलो. करार झाल्यावर टाकलं."

तिने दप्तर खाली ठेवलं.

"मी विचारलं तेव्हा चाललंय म्हणालात."

"हो."

"मी रोज पोस्टमनची वाट बघत होते, कोच. बाबांनी आमची स्वतःची एकुलती एक गाय, पेनी, विकायला काढली होती, मला तिकडे जायला सूटकेस घ्यायची म्हणून. मी म्हटलं थांबा, कोचनी पत्र टाकलंय, तिकडून कळू दे." तिचा आवाज चढला. त्या व्यायामशाळेत इतकी वर्षं फक्त एकाच माणसाचा आवाज चढत असे. "ते दातांचे डॉक्टर हसले ना, त्याचा मला एवढा राग नाही आला. ते मला ओळखत नव्हते. तुम्ही ओळखत होता."

"बरोबर आहे तुझं."

"बरोबर आहे म्हणू नका मला." तिने बाहीने नाक पुसलं. "करार किती वर्षांचा झाला?"

"एकाच. दरवर्षी करतात."

"माझंही एकच गेलं. पुढच्या वर्षी परत अर्ज करता येतो, मी वाचलंय. मी करणार. चाचणी हॅस्लरच्या शिक्षकांकडे देणार."

हॅस्लरचं नाव ऐकून वर्लिनच्या तोंडाशी काहीतरी आलं, ते त्याने गिळलं. "मी सोडेन तुला गाडीने."

"बाबा सोडतील."

ती दप्तर उचलून निघाली. दार तिने आपटलंसुद्धा नाही. आपटलं असतं, तर वर्लिनला निदान ओरडायला तरी काहीतरी मिळालं असतं.