खुर्ची खाली आहे

मी एक रहस्यकथा लिहिली आहे. दोनशे पानांची, आणि ती सगळी एका मोठ्या मॉलमध्ये घडते. जबलपुरात बसून मराठीत लिहिलेलं हे बाड वाचणार कोण, हा प्रश्न सगळ्यात आधी वडिलांनी विचारला. ते फॅक्टरीतून निवृत्त झाले त्याला जमाना झाला, पण माल पास करायचा की परत पाठवायचा हे ठरवायची सवय गेलेली नाही. काठी टेकत माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "काहून इतके कागद काळे करून राहिली? इथं मराठी वाचते कोण?"

मला एकच वाचक हवा होता, माझी मुलगी. ती एकवीस वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, आजोबांशी दोनचार वाक्यं बोलतेही, पण माझ्याशी हिंदीच. मी मराठीत विचारायचं आणि तिनं हिंदीत उत्तर द्यायचं, असं दहा वर्षं चाललं आहे. शाळेचा परिणाम, मैत्रिणींचा परिणाम, अशी कारणं मी स्वतःला देत आले. लहानपणी तिला चोर कोण हे ओळखायच्या गोष्टींचं वेड होतं, म्हणून हे दोनशे पानांचं आमिष. एकदा तरी तिनं माझ्याशी मराठीत बोलावं, एवढीच इच्छा होती.

मी सरकारी कार्यालयात अनुवादक आहे. दिवसभर इंग्रजी परिपत्रकांची हिंदी करते, आणि त्याचा सूड म्हणून की काय, घरात शुद्ध मराठीचा हट्ट धरते. 'करून राहिली' नाही, 'करते आहेस' म्हणायचं. 'खाली' म्हणजे तळाशी, हिंदीतलं खाली म्हणजे 'रिकामं'. मुलगी पाच-सहा वर्षांची असल्यापासून मी तिला जेवताना टोकत असे. वडील वैतागून म्हणायचे, पोरीला घास तर गिळू दे.

कादंबरीतलं रहस्य या 'खाली'वरच उभं आहे. सराफ्यातला एक जुना सोनार मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर दुकान थाटतो. त्याच्या दुकानातून हार नाहीसा होतो. पहाऱ्यावरची तरुण मुलगी डबा उघडून बघते आणि फोनवर सांगते, "डबा खाली आहे." मराठी डिटेक्टिव्ह ते ऐकून तळमजल्याकडे पळतो, आणि चोर वरच्या दाराने निघून जातो. डबा रिकामा होता, हे शेवटच्या पानापर्यंत डिटेक्टिव्हच्या लक्षात येत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ही कल्पना सुचली तेव्हा मी स्वतःवर फार खूश झाले होते.

सुचली म्हणणंही खोटंच. ती घडलेली होती.

मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. रविवारी दुपारी आम्ही तिघं मॉलमध्ये गेलो होतो. वडील दमले म्हणून त्यांना तिसऱ्या मजल्यावर एका खुर्चीत बसवलं, मुलीला त्यांच्यापाशी ठेवलं आणि मी दुसऱ्या मजल्यावर एक कुर्ता बदलायला गेले. वडिलांनी तिला पाणी आणायला पाठवलं. ती बाटली घेऊन परतली तर खुर्चीवर आजोबा नाहीत, नुसता त्यांचा फोन. त्या फोनवरून तिनं मला कळवलं, "आई, आजोबांची खुर्ची खाली आहे."

मला वाटलं, त्यांना खाली कुठेतरी बसायला जागा मिळाली. "बरं, येते, तिथंच थांब," म्हणून मी फोन ठेवला आणि तळमजल्यावर गेले. आइस्क्रीमवाल्याच्या खुर्च्या बघितल्या, सरकत्या जिन्याजवळचे बाक बघितले. परत फोन लावला तर बंद, त्याची बॅटरी संपलेली. ती बिचारी वर रिकाम्या खुर्चीजवळ उभी, कारण मी थांब म्हटलं होतं. वडील तिसऱ्याच मजल्यावर बाथरूममध्ये घसरून पडले होते. भोंग्यावरून आमच्या नावानं पुकारा झाला तोपर्यंत वीसेक मिनिटं ते ओल्या फरशीवर पडून होते. खुब्याचं हाड मोडलं होतं. काठी तेव्हापासूनची.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी मुलीला म्हटलं, "तुला धड मराठी येत नाही, धड हिंदी येत नाही. तुझ्यामुळे आजोबा इतका वेळ पडून राहिले." उचलली जीभ लावली टाळ्याला. पाण्याची ती बाटली अजून तिच्या हातात होती. मी हे वाक्य विसरून गेले. विसरले नसते तर त्याच प्रसंगावर गमतीची कादंबरी लिहायला बसले नसते.

मागच्या महिन्यात सुट्टीत आल्यावर तिनं ते बाड वाचायला घेतलं. तीन दिवस लागले. अनोळखी शब्दांपाशी अडायची, पण मला काही विचारायची नाही. मी स्वयंपाकघरातून तिचा चेहरा बघत राहायचे, तिला चोर सापडतो का म्हणून. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं कागद नीट जुळवून टेबलावर ठेवले.

"चोर तो पहले दिन ही समझ में आ गया था," ती म्हणाली. "डब्बा खाली, मतलब डब्बा खाली. इसमें मिस्ट्री क्या है?"

मी जरा हिरमुसले. मग तिनं विचारलं, "वो गार्ड लड़की का क्या हुआ? डिटेक्टिव सबके सामने उसको डाँटता है, बोलता है तुम्हारी वजह से चोर भागा. फिर वो लड़की किताब में कहीं आती ही नहीं. डिटेक्टिव ने बाद में उसको सॉरी बोला क्या?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्याच कादंबरीतलं ते पान आठवू लागले. तसं पान नव्हतं. डिटेक्टिव्हला हार मिळतो, सोनार त्याला शाल देतो आणि गोष्ट संपते. तिच्या डोळ्यांकडे बघितल्यावर मला व्हरांडा आठवला, बाटली आठवली. ती हिंदीत कधीपासून बोलायला लागली, हा हिशेब मी इतकी वर्षं शाळेच्या माथी मारत होते.

मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"खुर्ची खालीच होती," मी म्हटलं. "तू बरोबर सांगितलंस. मी चुकीचं ऐकलं, आणि बोल तुला लावला. माझं चुकलं बेटा."

ती कागदांच्या कडा बोटांनी सारख्या करत राहिली. बाहेरच्या खोलीत वडिलांची काठी वाजली आणि थांबली.

"दहा वर्षं लागली तुला," ती म्हणाली, "आणि डिटेक्टिवची गोष्ट तू लिहून राहिली."

मी ते वाक्य दुरुस्त केलं नाही.