पहिल्या रांगेतली खुर्ची

स्टँड-अपच्या कार्यक्रमांना मी नेहमी मागे बसायचो. पुढच्यांना कॉमेडियन नाव विचारतो, आणि बाबांनी माझं नाव असं ठेवलंय की लोक ते दोनदा विचारतात. ऑफिसात सगळे आडनावानेच बोलावतात. नावाने हाक मारणारे फक्त बाबा होते. ते गेले त्याला दोन महिने झाले.

परवा अंधेरीत मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसलो.

"नाव काय रे तुझं?"

मी सांगितलं.

"परत सांग. कोणी ठेवलं हे?"

"बाबांनी."

"काय राग होता यार त्यांचा तुझ्यावर?"

सगळे हसले, मीही हसलो. मग तासभर तो मला अधूनमधून नावाने हाक मारत राहिला, आणि प्रत्येक वेळी मी ओ दिली.

मुलुंडला घरी आल्यावर पुढच्या शनिवारचं तिकीट काढलं, पहिल्याच रांगेतलं.