शनिवारचा पहिला बाण

चार जणच येऊ शकतील, असं रँचच्या मालकाने कळवलं, तेव्हा आम्ही पाच जण होतो.

रँच ऑस्ट्रेलियात, विमानतळावरून दिवसभर गाडी हाकल्यावर येणारी. रानटी झालेल्या बकऱ्यांनी तिथलं गवत आणि झुडपं फस्त केली होती, म्हणून मालक अधूनमधून थोड्या लोकांना धनुष्यबाण घेऊन शिकारीला येऊ द्यायचा. झोपायला चार खाटा, फिरायला एक जीप. पाचवा माणूस त्याला नको होता.

आम्हा पाचांत एक अंकल. सैन्यातून निवृत्त झालेला इथलाच, सिंगापूरचा चिनी गृहस्थ, त्या रँचवर दोनदा जाऊन आलेला, आमचा म्होरक्या. वन-नॉर्थ भागातल्या माझ्या ऑफिसातले दोघे. मी. आणि माझा मित्र, रत्नागिरीकडचा, जहाजावर चीफ इंजिनियर, म्हणून सगळे त्याला चीफच म्हणायचे. चार महिने समुद्रावर, चार महिने सिंगापूरच्या घरी, असं त्याचं आयुष्य. धनुर्विद्येच्या रेंजवर त्यानेच मला पहिल्यांदा नेलं. पन्नाशीला टेकलेल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या पाठीला बरं, म्हणाला. त्या सहलीसाठी जहाजाच्या तारखा तो दोन वर्षं जुळवत होता.

आणि मी त्याची जागा घेतली. कशी घेतली ते मी आजवर तीन माणसांना सांगितलंय. इथे सगळं लिहून टाकतो.

कोण गळणार हे ठरवायला अंकलने एक चाचणी लावली. आठ शनिवार, सकाळी दहा वाजता, पंचवीस मीटरवर वाढदिवसाची कागदी प्लेट टाचायची आणि प्रत्येकाने एकच बाण मारायचा. दिवसातला पहिला. लागला तर लागला. नंतर हवा तेवढा सराव करा, तो मोजायचा नाही.

"बकरा तुम्हाला आधी वीस बाण मारून हात मोकळा करू देणार नाही," अंकल म्हणाला. "पहाटे थंडीत दोन तास दबा धरून बसाल. मग एक संधी. नीट लागला नाही तर जनावर पोटात बाण घेऊन दिवसभर हिंडतं. मी पाहिलंय."

थंड हाताने मारलेला तो पहिला बाण फार खोटं बोलू देत नाही. खांदा आखडलेला असतो, दोरी नेहमीपेक्षा जड वाटते, श्वास कुठे सोडायचा ते आठवत नाही. माझे पहिले दोन्ही शनिवार वाया गेले. एक बाण प्लेटच्या खाली, दुसरा इतका डावीकडे की चीफ म्हणाला, "साहेब, शेजारच्या लेनचा बकरा मारलात. त्याची परवानगी घेतली होती का?"

तिसऱ्या शनिवारी जे झालं ते खरंच ठरवून झालं नव्हतं. धनुष्याला नवी दोरी बसवली होती आणि नेमाची खूण जुळवून बघायची होती. आमची रेंज उघडायला वेळ होता, म्हणून मी ऑफिसजवळच्या दुसऱ्या, लहान रेंजवर गेलो. दहा-बारा बाण मारले. खूण जुळली. धनुष्याची पेटी पाठीला लावून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, आमच्या रेंजवर आलो, माझी पाळी आली, आणि बाण प्लेटच्या मधोमध.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंकलने फळ्यावर माझ्या नावापुढे बरोबरची खूण केली. तेवढ्या वेळात मला सांगता आलं असतं की हा माझा आजचा पहिला बाण नाही. वाक्य तोंडाशी आलं होतं. मग चीफने पाठीवर थाप मारली आणि ते वाक्य मागे गेलं.

चौथ्या शनिवारी मात्र मी गजर लावून उठलो. साडेआठला त्या लहान रेंजवर, वीस बाण, मग एमआरटी. पाचव्या, सहाव्या, सातव्या, आठव्याला तेच. बायकोला वाटायचं, माणूस नादाला लागला, चांगलं आहे. गाडीत खांदा गार पडू नये म्हणून मी अंगात जाकीट घालायचो. सिंगापुरात, सकाळी, जाकीट. ऑफिसातल्या एकाने विचारलंही. एसीचा त्रास होतो, म्हणालो.

माझे आठपैकी सहा झाले. चीफचे पाच, सगळ्यांत कमी.

त्याने फळ्याकडे बघितलं, दोन्ही हात वर केले आणि हसला. "नियम म्हणजे नियम. माझा डावा खांदा म्हणजे इंजिनरूममधला जुना पंप, सकाळी लवकर चालू होत नाही." आपल्या बाजूने तो एकच वाक्य बोलला, आणि तेही विनोदाचं.

सहलीला महिना होता. गळालेला माणूस बाजूला होतो, असं मला वाटलं होतं. चीफ झाला नाही. दर दोन दिवसांनी तो घरी येऊ लागला. जहाजावर निघण्याआधी जशी तपासणीची यादी करतात तशी त्याने माझ्यासाठी केली आणि आमच्या फ्रिजवर चिकटवली. दोरीला मेण कसं लावायचं ते दाखवलं. शिकारीची धारदार पाती इथल्या रेंजवर लावू देत नाहीत, ती तिकडे गेल्यावर अंकलकडून मिळणार होती. तर त्याच वजनाची साधी टोकं आणून त्याने प्रत्येक बाण माझ्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलला. ऑस्ट्रेलियात बुटाला मातीचा कण दिसला तरी विमानतळावर अडवतात, म्हणून एका रविवारी तो बाल्कनीत बसून जुन्या टूथब्रशने माझ्या बुटांचे तळ घासत होता. मी म्हणालो, मी करतो. "तू बस," तो म्हणाला, "तुम्ही आयटीवाले कोपरे सोडता."

मुलगी अभ्यास सोडून दारात उभी होती. "काका आर नॉट गोइंग? बट ही डिड एव्हरीथिंग, लाह!"

"बाळा, काका परीक्षेत नापास झाले," चीफ म्हणाला. मग ब्रश थांबवून त्याने माझ्याकडे बघितलं. "पण मला एक सांग रे. पहिले दोन गेले आणि मग सलग सहा. काय करतोस तू सकाळी? प्राणायाम वगैरे? मला शिकव. पुढच्या वेळी मला उपयोग होईल."

तो खरंच विचारत होता. शिकायच्या तयारीने.

"काही नाही," मी म्हणालो. "नशीब."

त्याने मान हलवली आणि पुन्हा बूट घासायला लागला. सहा शनिवारांचं मी माझ्या मनाशी काहीतरी जुळवून घेतलं होतं. खेळच आहे, दुसराही कुणी करत असेल, पाच आणि सहात फरक तो केवढा. त्या एका शब्दानंतर ते काही केल्या जुळेना.

चार दिवसांनी मी त्याला बुओना व्हिस्टा स्टेशनजवळच्या हॉकर सेंटरला, तिथल्या खाण्याच्या टपऱ्यांवर बोलावलं. सहलीला अजून दहा दिवस होते. त्याचा व्हिसा आधीच झालेला होता, सुट्टीही शिल्लक होती. जागा त्याला देता येणार होती. मनात तेवढंच धरून गेलो होतो. त्याने कॉफी घेतली, मी काहीच घेतलं नाही, आणि सगळं सांगितलं. दुसरी रेंज, वीस बाण, जाकीट.

त्याने कप बाजूला सरकवला.

"सहाच्या सहा?"

"हो. पहिल्या वेळी चुकून. नंतरचे पाच ठरवून."

"आणि मी विचारलं तेव्हा नशीब म्हणालास."

"हो."

"जाकीट!" तो म्हणाला, आणि मला वाटलं हसणार. हसला नाही. "जहाजावर काही लोक गेजकडे न जाता तापमानाचे आकडे लिहितात. बसल्या जागी. दिसायला सगळं नीट असतं. मला तसल्या माणसाबरोबर झोप लागत नाही."

मी म्हणालो, "तू जा. मी आज अंकलला सांगतो. तिकिटावरचं नाव बदलून घेऊ."

"मी कसा जाऊ?"

"म्हणजे?"

"अरे, तीन आठवडे मी धनुष्य हातात धरलेलं नाही. तुझी यादी करत होतो, तुझे बाण तोलत होतो. खांदा माझा आधीच तसला. दहा दिवसांत तो होत नाही. आता गेलो तर बकऱ्याच्या पोटात बाण मारून येईन. मग तुझ्यात नि माझ्यात फरक काय?"

हे माझ्या हिशेबात नव्हतं. कबूल केलं की जागा परत देता येते, एवढंच मी धरलं होतं. तीन आठवडे आधी बोललो असतो तर ती देता आली असती. आता ती कुणाचीच नव्हती.

"शिव्या तरी दे," मी म्हणालो.

"देईन. आत्ता सुचत नाहीयेत." तो उठला, कप ट्रेच्या जागी नेऊन ठेवला आणि स्टेशनकडे गेला. मागे वळून बघितलं नाही.

संध्याकाळी अंकलला फोन केला. त्याने पूर्ण ऐकून घेतलं. "ठीक आहे. तिघे जाऊ," एवढंच म्हणाला. मग थोडं थांबून, "तू तिकडे बकऱ्यावर धनुष्य ताणलं असतंस का? थंड हाताने?" मी म्हणालो, बहुतेक ताणलं असतं. "म्हणूनच तू नको," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

घरी मी बॅग रिकामी करतोय हे बघून बायकोने विचारलं. तिलाही सांगितलं. ती पलंगावर बसली, हातातले मोजे घडी करून बाजूला ठेवले. "आणि ते इथे बसून तुझे बूट घासत होते," ती म्हणाली. यादी फ्रिजवरून तिनेच काढली.

तिघे जाऊन आले. चीफ जहाजावर गेला. जाण्याआधी फोन नाही, गेल्यावर मेसेज नाही. चार महिन्यांत मी पाच-सहा वेळा लिहून खोडलं. लहान रेंजवर जाणं सोडलं, आमच्या रेंजवर तर जाववलंच नाही.

गेल्या आठवड्यात अंकलने ग्रुपवर विचारलं: पुढच्या वर्षीची रँच ठरली, खाटा चारच, चाचणीला कोण कोण? पहिलं उत्तर चीफचं. तो परतला होता हे मला तिथेच कळलं. मी काही लिहिलं नाही. अर्ध्या तासाने मला एकट्याला त्याचा मेसेज आला.

"नाव दे. आठही शनिवार साडेसातला मी तुझ्या कॉन्डोच्या लॉबीत येऊन बसणार. तिथून रेंजपर्यंत माझ्या नजरेसमोर यायचं. जाकीट चालणार नाही."

तो चिडवतोय की खरंच सांगतोय, मला ठरवता आलं नाही. मी नाव दिलं. बायकोला फोन दाखवला, तर तिने तो माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच त्याला लिहिलं: भाऊजी, लॉबीत कशाला, वर या, चहा घेऊन दोघे बरोबर निघा.

उत्तर लगेच आलं.

"नको वहिनी. सध्या खालीच बरा."