बिऱ्हाडकाकू लॅबमध्ये जेवल्या

नवऱ्याच्या फिरतीच्या नोकरीपायी त्यांनी बावीस वर्षांत अकरा घरं बदलली, आणि हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात पदरी कामही तेच आलं. सर्व्हरच्या पोटात कॉम्प्युटरासारखं वागणारं, नुसतं सॉफ्टवेअरचं एखादं मशीन चालू असतं. ते न थांबवता उचलायचं आणि दुसऱ्या सर्व्हरवर नेऊन ठेवायचं. म्हणून सगळे त्यांना बिऱ्हाडकाकू म्हणत. "विंचवाचं बरं, बिऱ्हाड पाठीवर," काकू म्हणायच्या. "माझ्या मशीनचं निम्मं बिऱ्हाड शेजाऱ्यांकडे असतं!"

खोटं नव्हतं ते. मशीनची मेमरी काकू बिनबोभाट हलवत. फाइली मात्र सामायिक साठ्यात असत, आणि तिथे साऱ्या हॉस्पिटलचे हात लागत. कोणती फाइल उघडी आहे, ते मशीन नावानिशी टिपून नव्या घरी नेई आणि तिथे त्याच नावाने शोधे. मधल्या वेळात कुणी नाव बदललं की बसलं हात चोळत.

सहा महिन्यांपूर्वी असंच झालं. रक्त तपासणाऱ्या लॅबचं मशीन हलवताना रिपोर्ट चाळीस मिनिटं अडले. तिकडे पेशंट ऑपरेशनच्या टेबलावर आणि सर्जन फोनवर आगपाखड करतोय. पेशंट सुखरूप निघाला, पण लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी काकूंना चारचौघांत फैलावर घेतलं. काकू "चूक माझी" एवढंच म्हणाल्या. आता तो नवा सर्व्हरही घरघरायला लागला होता, म्हणजे मशीन पुन्हा हलवणं आलं. साहेबांनी सांगून टाकलं, "काकू, या वेळी लॅब अडली, तर हे काम बाहेरच्या कंपनीकडे जाईल. माझाही नाइलाज आहे."

काकूंचा या कामावर जीव होता. त्या तीन दिवस लॅबमध्ये स्टूल टाकून नुसत्या बसल्या. रिटायर होण्याआधीच रिटायर झाल्या, असं लोक म्हणाले. काकू बघत होत्या लॅबच्या कारकुनाकडे. सगळे त्याला घड्याळभाऊ म्हणत. बरोब्बर एक वाजता तो सकाळच्या फोल्डरच्या नावापुढे 'तपासले' असं जोडी आणि मगच डबा उघडी. चिठ्ठी लावून उपयोग नव्हता. सवय चिठ्ठ्या वाचत नाही. सांगावं, तर तो "का?" विचारणार, आणि ते काकूंना नको होतं.

चौथ्या दिवशी पाऊण वाजता काकू डबा घेऊन हजर.

"घड्याळभाऊ, आज आधी जेवायचं."

"आधी फोल्डर, मग जेवण. बारा वर्षांचा नेम आहे, काकू."

"मग आज मोडा. मुलीने हौसेने डबा केलाय, एकटीला घास उतरत नाही."

कुरकुरत का होईना, तो बसला. एक वाजला तसा त्याचा हात आपसूक माउसकडे गेला. काकूंनी त्या हातात वाटी ठेवली. तेवढ्यात साहेबांचा फोन.

"काकू, आहात कुठे? आम्ही सगळे सर्व्हररूममध्ये ताटकळलोय!"

"जेवतेय."

"आणि मशीन?"

"वाटेत आहे. मघाशीच सोडलंय."

प्रिंटरमधून रिपोर्ट येतच होते. एक वाजून दहा मिनिटांनी काकूंचा मोबाइल टुणकन वाजला. पाठोपाठ डॉक्टरीणबाई आल्या.

"आज हलवणार होतात ना? करा सुरू. मी इथेच उभी राहते."

"झालं की, बाई."

बाईंनी प्रिंटरकडे पाहिलं, मग काकूंकडे. "मग मी इथे काय करतेय?" असं म्हणून त्या चक्क हसल्या आणि गेल्या. काकूंना भरून पावल्यासारखं झालं.

"बदला आता नाव," त्या म्हणाल्या.

घड्याळभाऊचा हात माउसवरच थांबला. माणूस हुशार होता.

"काकू, त्या दिवशीही एकच वाजला होता."

काकूंनी त्याची वाटी पुन्हा भरली.

"म्हणजे तो मी होतो! आणि सहा महिने बोलणी खाल्लीत तुम्ही?" त्याचे डोळे भरले.

"चूक माझीच," काकू म्हणाल्या. "शेजाऱ्यांना न विचारता घर हलवायला निघाले होते. जेवा आधी, गार होतंय."