सीटखालचं बटण

मंडईतून पिशव्या घेऊन बाहेर आले, तर एक म्हातारा माझ्या जुन्या गाडीच्या काचेला डोळे लावून आत बघत होता. असल्या गाड्या कुठल्याही किल्लीने उघडतात. माझा सगळा भरवसा सीटखाली लपवलेल्या बटणावर. ते दाबल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही.

"काय पाहिजे?" मी ओरडलेच.

तो दचकून मागे सरला. "ताई, आधी ही माझी होती. सीटखालचं बटण मीच बसवलं होतं. चालतं ना अजून?"

मी नुसती मान हलवली. टपावरून हात फिरवून तो गेला.

चोराची आणि जुन्या मालकाची नजर लांबून सारखीच दिसते. माझी मलाच लाज वाटली. तरीही गाडी घराकडे न नेता मी गॅरेजकडे वळवली, बटणाची जागा बदलायला.