सरांच्या गाडीचं हँडल

मी आज जो काही आहे, तो लोह्याच्या केंद्रे सरांमुळे. म्हणून त्या शनिवारी सकाळी त्यांची मोटारसायकल आमच्या वर्कशॉपच्या गेटात डरकाळ्या फोडायला लागली आणि सर दोन्ही ब्रेक गच्च दाबून ओरडले, "गोविंदा, हिला काय झालं रे?" तेव्हा धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. कारण त्या गाडीचं काम मी केलं होतं. स्वतःच्या हातानं.

लातूरच्या एका टू-व्हीलर सर्व्हिस सेंटरमध्ये मी वर्क्स मॅनेजर आहे. गाडीला काय झालंय ते ठरवायचं, मेकॅनिकला काम वाटून द्यायचं आणि डिलिव्हरीआधी तपासायचं, हे माझं काम. दिवसातून दोनदा तरी मी कस्टमरला सांगतो, "घरी खोलू नका, आमच्याकडे आणा." लोक व्हिडिओ बघून गाडी खोलतात आणि उरलेले नटबोल्ट पिशवीत घालून आणतात.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आईवडील दुसऱ्याच्या रानात कामाला जायचे. सरांनी मला घरी बोलावून गणित शिकवलं. नांदेडजवळच्या विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला याच गाडीवर मागं बसवून नेलं. आता ते रिटायर झालेत, कंबर धरते. वाकून गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मुलगा म्हणाला, स्कूटर घ्या. सर गाडी सोडायला तयार नव्हते. मी म्हणालो, "सर, उंच हँडल बसवतो. ताठ बसून चालवाल."

त्यांच्या मुलानं गाडी आणून सोडली. आमचे हेड मेकॅनिक मौलाभाई पाना घेऊन पुढं झाले.

"मौलाभाई, राहू द्या. गुरूची गाडी आहे. हिला मीच हात लावणार."

"साहेब, तुम्ही शेवटचा पाना कधी धरला होता?"

"डिग्री काय उगाच मिळाली का?"

"तसं न्हाई साहेब," म्हणत ते बाजूला झाले.

मौलाभाईंचं हे तासाभराचं काम. मला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत ते चार वेळा माझ्यामागं येऊन उभे राहिले.

"साहेब, एक सांगू का?"

"नको."

काम संपल्यावर बायपासला चक्कर मारून आलो. गाडी लोण्यासारखी चालली. मी खूश. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, हे सरांना फोनवर सांगूनही टाकलं.

शनिवारी सर एसटीनं आले. मी हँडलला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. सगळा स्टाफ गोळा केला. सर ताठ बसले, लिंबू चिरडून सरळ पुढं गेले. टाळ्या झाल्या. गेटात त्यांनी हँडल पूर्ण डावीकडं वळवलं आणि इंजिन किंचाळलं.

मी धावलो, चावी बंद केली. काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडातून निघालं, "हाराचा दोरा आत अडकला, सर. तुम्ही ऑफिसात चहा घ्या."

सर आत गेले. मौलाभाईंनी गाडी स्टँडवर घेऊन चालू केली. हँडल सरळ, गाडी शांत. डावीकडं, डरकाळी. सरळ, शांत.

"हँडल चार बोटं वर गेलं साहेब, केबल हाय तेवढीच राहिली."

ॲक्सिलरेटरची केबल म्हणजे मुठीपासून इंजिनापर्यंत जाणारी तार. ती ओढली की गाडी रेस होते. माझी केबल इतकी ताणलेली होती की हँडल वळलं तरी ओढली जायची. रस्त्यावर हँडल फारसं वळत नाही, म्हणून बायपासला काही कळलं नाही. पूर्ण वळतं ते गेटातून निघताना.

"मग सांगायचं नाही का?"

"दोन दिवस तेच तर सांगून राहिलो होतो. तुम्ही नको म्हणलात."

मी ऑफिसात सरांपाशी जाऊन बसलो; त्यांचा दुसरा चहा संपायच्या आत मौलाभाईंनी काम उरकलं. सरांनी गेटाजवळ गाडी डावी-उजवी फिरवून पाहिली. मग मौलाभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "बघा, माझा विद्यार्थी! कुणाला हात लावू दिला नाही."

मौलाभाई फडक्यानं काळे हात पुसत म्हणाले, "हाव सर. लई मेहनत घेतली साहेबांनी." माझ्याकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

मी सरांना वाकून नमस्कार केला. सर गेले. संध्याकाळी त्यांचा फोन आला. लोह्यात बारा जणांना गाडी दाखवून झाली होती, आणि प्रत्येकाला माझं नाव सांगून झालं होतं.

आता डिलिव्हरीआधी प्रत्येक गाडीचं हँडल मी दोन्हीकडं पूर्ण वळवून पाहतो. माझी स्वतःची गाडीही मौलाभाईंकडं देतो आणि ते काम करताना मधे बोलत नाही. सरांना मात्र फोनवर सांगायची हिंमत होईना. शेवटी पत्र टाकलं.

"आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

हाराचा काही दोष नव्हता. हँडल मी बसवलं, पण केबल बदलायचं मला सुचलं नाही. तुम्ही पडला असता तर मी कुठं तोंड दाखवलं असतं, कळत नाही. गाडी मौलाभाईंनी नीट केली. तुम्ही त्यांच्यासमोर माझं कौतुक केलंत, तेव्हा मी बोलायला हवं होतं. ज्या बारा जणांना माझं नाव सांगितलंत, त्यांना कृपया मौलाभाईंचं सांगा.

आपला विद्यार्थी,
गोविंद

ता. क. हे पत्र टाकण्याआधी मौलाभाईंना वाचून दाखवलं. त्यांनी एक चूक काढली. केबल एक नाही, तीन बदलल्या. क्लचची आणि पुढच्या ब्रेकचीही ताणलेली होती. हे मला आत्ता कळतंय."