विलास आणि हिरवं पाणी

दोन माणसं वर्षानुवर्षं एकाच मोटरसायकलवरून कामाला गेली की किस्से साठतातच. माझ्याकडच्या बहुतेक किश्शांत विलास शहाणा ठरतो, म्हणून मी ते फारसे सांगत नाही.

पेण ते रोहा पट्ट्यातल्या फार्महाऊसचे स्विमिंग पूल साफ ठेवायचे, हा आमचा धंदा. मी केमिस्ट्रीतला बीएस्सी. रोह्याच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये बारा वर्षं काढलेली. विलास खाडीकडचा, मिठागरात वाढलेला, नववी नापास. त्याला कामाला मीच घेतलं, पण गाडी कायम तोच चालवायचा.

*

कोलाडच्या एका रिसॉर्टचा पूल हिरवागार झाला होता. मी क्लोरीनचा डबा उघडला. विलास काठावर उकिडवा बसून पाण्यात बघत होता.

"दादा, थांबा. तळाची फरशी मोजता येतेय. शेवाळ असतं तर पाणी गढूळ असतं. ह्यात कायतरी विरघळलंय."

टेस्ट किट काढलं. पाण्यात तांबं निघालं. आधीच्या माणसानं शेवाळ मारायचं तांब्याचं औषध बेसुमार ओतलं होतं. वरून क्लोरीन पडलं असतं तर रंग आणखी चढला असता.

मॅनेजरनं चहा मागवला. पहिला कप विलासला दिला.

*

रोह्याजवळच्या एका बंगल्यात पूलच्या भिंतीवर पिवळसर थर दिसला. हात लावला की उडायचा. मी मालकाला सांगितलं, "धूळ आहे. ब्रश मारला की झालं."

विलास हळूच म्हणाला, "दादा, धूळ उन्हातपण बसते. ही नुसती सावलीच्या बाजूला हाय."

पिवळं शेवाळच होतं ते. त्या दिवसापासून मालकाचा फोन विलासलाच जायला लागला.

*

पेणच्या एका सोसायटीत काळं शेवाळ धरलं. हे सगळ्यात चिवट, प्लास्टरमध्ये मुळं रोवतं. तीन दिवस मी एकट्यानं तारेच्या ब्रशनं एकेक ठिपका खरवडला, वर क्लोरीनची गोळी घासली. बोटं सोलून निघाली. तिसऱ्या दिवशी विलास मला न्यायला आला आणि तेवढ्यात सेक्रेटरीबाई आल्या.

"वा, विलासभाऊ, काय चकचकीत केलंत."

"मी नाय बाई, हे दादांनी केलं."

बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "किती नम्र आहे हो तुमचा माणूस."

*

मग निडी गावचा बंगला आला. तो पूल पूर्णपणे विलासकडे होता. पिवळं शेवाळ घालवलं की आठवड्यात परत हजर. विलासनं औषध वाढवलं, फिल्टर दिवसदिवस चालवला. काही उपयोग नाही.

मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

एकदा सोबत गेलो तेव्हा पाहिलं, माळी पूलच्याच ब्रशनं कमळाचं कुंड घासत होता. घासून झाल्यावर त्यानं ब्रश आंब्याखाली परत टांगला. मला सगळं कळलं: कुंडातलं शेवाळ ब्रशबरोबर पूलमध्ये परत येत होतं. मी गप्प बसलो. तीन आठवडे.

शेवटी मालक म्हणाले, "पुढच्या रविवारी पाणी असंच दिसलं तर मी मुंबईची माणसं बोलावणार."

तेव्हा मी पुढे झालो. ब्रश दाखवला, माळ्याला विचारलं, तो कबूल झाला. ब्रश, जाळी, पाइप सगळं क्लोरीनमध्ये भिजवलं, पूलला मोठा डोस दिला. रविवारी पाणी आरशासारखं. मालकांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. विलास मागे उभा राहून हसत होता.

परतताना नागोठण्याला चहाला थांबलो. मी कप खाली ठेवला.

"विलास, मला तीन आठवड्यांपूर्वीच कळलं होतं."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "तुम्ही ब्रशकडं बघितलात तेव्हा मी तुमच्याकडं बघत होतो."

"म्हणजे तुला ब्रशचं माहीत होतं?"

"व्हय. तुमच्या आधी आठ दिवस. म्हणून तर तुम्हाला सोबत नेलं होतं."

त्यानं बशीतला चहा संपवला आणि गाडीची किल्ली माझ्यापुढे धरली.

"चला दादा. आज तुम्ही चालवा."